येळवशीचा परदेशी पाहुणा

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळं गाव शेतात जेवतं. त्या दिवशी शिवारातून वाटसरू उपाशी पुढे गेला, तर किल्लारीत तो त्या शेताच्या मालकाला कमीपणा. कस्तुराबाईने असला कमीपणा जन्मात घेतला नव्हता. म्हणून रस्त्याला जीप दिसताच तिने पदर खोचला आणि बांधावरून हाळी दिली, "अवो जीपवाले! जेवून जावा!"

जीप पोलिसांची होती.

कडब्याच्या कोपीत बसलेला तिचा नातू सत्यम पांढराफटक पडला. तो नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकत होता आणि कालच तिथून आपला वर्गमित्र योनास याला येळवशीसाठी घेऊन आला होता. योनास इथिओपियाचा. परदेशी माणूस मुक्कामाला ठेवला की पोलिसांना कळवायचं असतं, हे सत्यमला पक्कं ठाऊक होतं. पण पठ्ठ्या पत्ते कुटत बसला आणि ते राहूनच गेलं. योनासची शेवटची परीक्षा तोंडावर आलेली. व्हिसाचं लफडं झालं तर पदवी न घेताच गाशा गुंडाळावा लागणार.

"आज्जी, काय केलंस हे!"

"काय केलं? जेवाया बोलवलं."

फौजदार नगरकडचे, नवे. जीप चालवणारा मात्र इथलाच. येळवशीचं बोलावणं मोडत नसतात, म्हणून त्याने साहेबांना न विचारताच ब्रेक मारला होता. साहेब आधी अवघडून बसले. मग शेंगा-भाज्यांची भज्जी आणि बाजरीचे वाफवलेले उंडे पुढ्यात आल्यावर सैलावले. शेजारी योनास आंबिलीचा दुसरा तांब्या रिचवत होता. त्याच्या देशातली रोजची भाकरीही आंबवलेलीच, त्यामुळे असलं आंबट त्याला घरचंच वाटायचं.

"हे पाहुणे कुठले?" साहेबांनी विचारलं.

सत्यमने सगळं भडाभडा ओकून टाकलं. साहेबांचा हात ताटातच थांबला. "मग कळवायला नको?"

कस्तुराबाईचा पारा चढला. "माझ्या घरी कोण निजलं, हे सरकारला कशाला? भज्जीत मीठ किती टाकलं तेबी कळवू का?"

"आज्जी, असल्या पाहुण्यात एखादा वाईट हेतूचाही निघतो. ते जाऊ द्या. हा तुमच्या विहिरीत पोहायला उतरला आणि वर आलाच नाही, तर त्याच्या आईला मी कुठं शोधू?"

कस्तुराबाईने योनासकडे पाहिलं. पोरगा कालपासून घरात वावरत होता आणि तिने त्याच्या आईची साधी चौकशी केली नव्हती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माय हाय का रं तुला?"

"हाय, आज्जी," योनास म्हणाला. एवढं मराठी तो शिकला होता.

तिने साहेबांपुढे हात जोडले. "लेकराला कालेज सोडाय लावू नका."

"कालच आलाय ना? अजून मुदत आहे. मोबाईलवर फॉर्म असतो, तो आत्ता भरा, माझ्यासमोर."

सत्यम मोबाईल घेऊन रेंजसाठी बांधावर पळाला. घरमालक म्हणून कुणाचं नाव टाकू, असं त्याने तिथून ओरडून विचारलं.

"माझंच टाक की! ह्याला काय झालं तर आधी मला इचारू दे."

साहेब हसले. तिने त्यांना खीर वाढली आणि जरा वेळाने हळूच विचारलं, "साहेब, आमचा सत्यम जर्मनीला जायचं म्हणायलाय. तिकडंबी त्याला असंच लिहून घेत्याल?"

"घेतील की. जास्तच बारकाईनं."

"अन् जेवाया बोलवत्याल?"

साहेबांनी खिरीत बोट फिरवलं. "ते नियमात नसतं, आज्जी."

"मंग अर्धाच नियम हाय त्यो," कस्तुराबाई म्हणाली. आणि नको नको म्हणणाऱ्या योनासच्या ताटात तिने आणखी एक उंडा टाकला.