खरा तन्मणी

पार्ल्यात कुणाच्या घरी लग्न ठरलं की मोत्यांच्या डब्या आधी माझ्याकडे येतात. माझे वडील झवेरी बाजारात मोती निवडायचे, त्यांच्याशेजारी बसून मी शिकले. मोती पुढच्या दातांवर घासायचा. खरखर लागली तर खरा, काचेसारखा घसरला तर खोटा. मग भोक उजेडात धरून बघायचं. खोटा निघाला तर मी तोंडावर सांगते. त्यावरून दोन घरांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. टाकू देत.

छप्पन साली मार्गशीर्षात एका सकाळी शेजारची मृणालिनी आली. शाळेत शिकवायची. तिशीच्या आतच नवरा गेलेला, त्याला तीन वर्षं झाली होती. ती दारातच उभी राहिली.

"प्रेमाताई, संध्याकाळी भावजी माझा तन्मणी घेऊन तुमच्याकडे येतील. त्यांच्या शुभाला लग्नात द्यायचाय. तो खोटा आहे म्हणून सांगाल? मग ते सोडून देतील."

तन्मणी तिला आईनं दिलेला. आई गेली, तिची तेवढीच वस्तू हिच्याकडे उरली होती.

"देत नाही म्हणून सांग ना सरळ," मी म्हटलं.

"काय सांगू? 'तुला आता काय करायचाय तो?' म्हणतात."

माझं डोकंच फिरलं. थोडं त्या दिरावर, थोडं हिच्यावरही. "हे बघ मृणाल, खऱ्याला मी खोटं म्हणणार नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही. भांडायचं तर तू भांड, मी तुझ्या बाजूनं उभी राहीन."

ती डोळे पुसत गेली. मला दिवसभर वाईट वाटलं, पण शब्द काही मागे घेतला नाही.

संध्याकाळी बिस्किटांच्या कारखान्याचा गोड वास आळीत पसरला होता, तेव्हा तिचे दीर विद्याधरराव आले. मागे मान खाली घालून मृणाल. डबी उघडली तर डांबराच्या गोळ्यांचा भपकारा आला. मोती पिवळट, निस्तेज पडलेले. मी एक दातावर घासला.

"खरे आहेत. बसऱ्याचे."

"वाटलंच मला," म्हणत त्यांनी डबीकडे हात नेला. मृणालनं माझ्याकडे बघितलं, ते बघणं मला अजून सहन होत नाही.

"थांबा, माझं संपलं नाही," मी म्हटलं. "मोत्यांची वाट लागलीय. असे पेटीत कोंडून ठेवले की मरतात ते. त्यांना अंगाची ऊब लागते, रोजची."

"मग पॉलिश करून द्या."

"त्यांना पॉलिश नसतं, गळा लागतो."

"शुभा घालेल की."

"का? जिचा आहे तिला गळा नाही?"

विद्याधरराव हसले. "विधवेनं तन्मणी घालायचा? काहीतरीच काय बोलता."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मृणालनं डबीतून तन्मणी उचलला. गळ्याशी धरला आणि माझ्याकडे पाठ केली. "प्रेमाताई, बांधा."

मी गाठ मारली.

"भावजी, खोटा निघाला असता तर तुम्ही तो माझ्याकडेच टाकला असता. खरा आहे, म्हणून मी घालणार. शाळेत, बाजारात आणि शुभाच्या लग्नातही. बोलवा नाहीतर नका बोलवू."

नाहीच बोलावलं. संक्रांतीला मी तिला हळदीकुंकवाला बोलावलं, तर चार बायका वाण न घेताच उठून गेल्या. आम्ही दोघींनी बसून त्यांच्या वाटचा तिळगूळ खाल्ला, आणि चांगला झाला होता म्हणून पुन्हा घेतला.

पुढच्या दिवाळीच्या सुमाराला ती तन्मणी घेऊन आली. मोत्यांवर पाणी परत चढलं होतं.

"दोरा झिजलाय हो," ती म्हणाली. "बदलून द्या."

इतकी वर्षं मी दागिने ओवते. विधवांचे मोती माझ्याकडे यायचे ते मोडायला, नाहीतर दुसऱ्या कुणाला द्यायला. झिजलेला दोरा घेऊन आजवर एकही आली नव्हती.

मी नवा दोरा दुहेरी घातला. रोज वापरायचाय तिला.