ताईच्या गच्चीवरचा बेस

बेस ताईच्या गच्चीवर बसवायची आयडिया माझीच होती. दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येणार नाही.

मी मोजणीच्या ऑफिसात कंत्राटावर आहे. डिग्री नाही. व्हिडिओ बघून बघून कोड लिहायला शिकलो, त्यावर निभावतंय. विद्यापीठातल्या एक मॅडम आमच्याकडे प्रयोग घेऊन आल्या. जमिनीच्या हद्दी मोजायला महागडं मशीन लागतं, त्याऐवजी उपग्रहांवरून जागा सांगणारे, डब्याएवढे स्वस्त रिसीव्हर चालतील का, एवढाच प्रश्न. दहा रिसीव्हर हद्दीच्या दहा दगडांवर बसवले. अकरावा म्हणजे बेस. हा हलत नाही असं धरायचं आणि बाकीचे सगळे त्याच्यापासून मोजायचे.

बेसला उघडं आकाश लागतं, वीज लागते, कुणीतरी लक्ष ठेवायला लागतं. ताईचं घर टेकडीच्या उतारावर, वर मोकळी गच्ची. घरात ताई, भाऊजी आणि त्यांची छोटी. भाऊजींनी विचारलं, "हे लावल्यावर टीव्ही नीट दिसेल का?"

"नाही."

"मग काय उपयोग," म्हणाले, आणि स्वतःच शिडी धरून उभे राहिले.

पंधरा दिवसांनी आकडे बघितले तर दगड चालत होते.

दहाच्या दहा. रोज दीड मिलिमीटर, पूर्वेला. दगड चालत नाहीत हे मला डिग्रीशिवायही कळतं. म्हणजे मशीनची चूक. आणि सगळ्यांत सारखीच चूक असेल तर काढणं सोपं. दहांची सरासरी हालचाल घ्यायची, प्रत्येकातून वजा करायची. चार ओळींचा कोड. वजा केल्या केल्या ग्राफवरच्या रेघा अशा सपाट झाल्या, जशी काही इस्त्री फिरवलीय. मॅडमना पाठवल्या. त्यांनी विचारलं, "एवढं स्वच्छ कसं आलं?"

"सेटिंग जरा बदललं," मी म्हटलं.

"छान."

त्या एका शब्दावर मी आठ-दहा दिवस हवेत होतो.

ऑफिसात एक जुने मोजणीदार आहेत. ताठ बसतात, ताठ चालतात, फाईलसुद्धा टेबलाच्या कडेला लावून सरळ ठेवतात. सगळे त्यांना काटकोन म्हणतात, त्यांच्या पाठीमागे. एका दुपारी डबा खाताना मी गंमत म्हणून सांगितलं, "काका, आमचे दहाही दगड पूर्वेला निघालेत. सहलीला."

ते हसले नाहीत. "दहाही? सारखेच?"

"अगदी सारखेच."

"मग ते कुठे जातायत. तूच निघालायस पश्चिमेला."

मला कळलंच नाही. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तू जिथे उभा राहून त्यांच्याकडे बघतोस ना, तो तुझा बेस. तो कुठे आहे?"

ताईच्या गच्चीवर.

ताईच्या घराच्या पश्चिमेला उतार आहे. उताराखाली ओढा.

विद्यापीठाच्या छतावर एक पक्कं स्टेशन आहे, चाळीस किलोमीटर लांब. त्याला बेस धरून मी सगळं परत काढलं. पासवर्ड तीनदा चुकला. काटकोन मागे उभे होते, मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. स्क्रीनवर दगड आले. जागच्या जागी, दहाही. एकच रेघ खाली जात होती, ताईच्या घराची. महिनाभरात सहा सेंटीमीटर. त्यातले परवा नऊ मिलिमीटर, काल चौदा.

आणि मी ते रोज चूक म्हणून फेकत होतो.

ताईला फोन लावला. "ताई, घरात काही वेगळं वाटतंय का गं?"

"वेगळं काय? मागचं दार अडकतंय. दोनदा सुतार बोलावला, दोनदा रंधा मारून गेला. तो म्हणतो लाकूड फुगलंय."

"छोटीला घे आणि बाहेर पड. आत्ता."

"का रे? काय झालं?"

"घर सरकतंय."

मागून भाऊजींचा आवाज आला, "सरकू दे म्हणावं. बाजाराजवळ गेलं तर बरंच."

मॅडमनी मात्र आकडे बघितले आणि थट्टा केली नाही. संध्याकाळपर्यंत अधिकारी आले, उतारावरची सतरा घरं रिकामी केली, माणसं शाळेत आणून ठेवली. ताई वर्गातल्या छोट्याशा बाकावर अवघडून बसली होती. म्हणाली, "तुझ्या त्या डब्यामुळे वाचलो रे."

तेव्हाच सांगायला हवं होतं. ओठावर आलंही होतं. पण आजूबाजूचे लोक माझी पाठ थोपटत होते, कुणीतरी चहाचा कप हातात दिला. मी चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या विद्यार्थ्यांनी ताईच्या घरासकट उतारावरच्या पाच घरांवर नवे रिसीव्हर बसवले आणि दगडांपासून वेगळा गट करून आमच्याच यंत्रणेला जोडले, बेस विद्यापीठाचा. त्यांना वाटलं, पद्धत तपासलेली आहे. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला समजावतो. कुणी विचारलं नाही. आणि मी त्या चार ओळींकडे बघायचंच टाळत होतो.

ग्राफ सगळ्यांना मोबाइलवर दिसेल असा केला होता. सतरा घरांची माणसं दिवसभर त्यात डोकं घालून बसायची. तिसऱ्या दिवशी सकाळी रेघा थांबलेल्या दिसल्या. अधिकारी म्हणाले, एक वाजेपर्यंत जा, सामान घेऊन या. लोक निघाले. ताई, भाऊजी निघाले. छोटी मागे राहायला तयार होईना, म्हणून तिलाही नेलं.

मी ऑफिसात होतो, मला हे काहीच माहीत नव्हतं. अकराच्या सुमारास ग्राफ उघडला. पाच रेघा, इस्त्री फिरवल्यासारख्या.

ही इस्त्री मी ओळखत होतो. खऱ्या रेघेला थोडी थरथर असतेच, एखादा मिलिमीटर वर, एखादा खाली. हिला काहीच नव्हती. पाचही घरं एकत्र सरकत होती, आणि माझा कोड म्हणत होता, सगळ्यांत सारखं आहे ना, मग चूक आहे, वजा कर.

चार ओळी पुसल्या. पाच रेघा खाली कोसळल्या. पहाटेपासून एकतीस मिलिमीटर.

ताईचा फोन वाजत राहिला. भाऊजींना लावला.

"कुठे आहात?"

"घरी. गाद्या बांधतोय. तुझी ताई म्हणते कपाटही न्यायचं. मी म्हटलं, राहू दे, त्याला पाय आहेत, येईल."

"भाऊजी, बाहेर पडा."

"अरे, साहेबांनी एक वाजेपर्यंत सांगितलंय. रेघ बघ की. समोरच आहे माझ्या, सपाट."

"ती खोटी आहे."

"परवाची खरी आणि आजची खोटी?"

सगळं ऑफिस ऐकत होतं. मी उभा राहिलो होतो, कधी ते आठवत नाही. "ती सपाट मी केलीय. पहिल्यापासून. घर सरकलं की माझा कोड ते पुसतो. महिनाभर पुसत होतो. मॅडमनाही सांगितलं नाही. पहाटेपासून तीन सेंटीमीटर गेलंय, भाऊजी."

काटकोननी दुसरा फोन उचलला आणि अधिकाऱ्यांचा नंबर फिरवला. त्यांचा हात अजिबात हलत नव्हता.

फोनमध्ये दार ओढल्याचा आवाज आला. परत एकदा. मग नुसता धक्क्यांचा.

"अडकलंय," ते म्हणाले. "पुढचं. मघाशी आपोआप लागलं, आम्हाला वाटलं वारा."

"खिडकी?"

"गज आहेत."

मागून छोटीचा आवाज आला, "बाबा, मामा आहे का?" आणि छतातून का भिंतीतून, बारीक, लाकडी खुर्ची कुरकुरावी तसा आवाज. तो मी अजून ऐकतो.

"मागचं दार," मी म्हणालो. "सुताराने रंधा मारलेलं."

"ते ओढ्याच्या बाजूला आहे रे."

"तरी तेच."

पावलं. काहीतरी पडलं. ताई छोटीचं नाव घेऊन ओरडली. मग मोकळ्या हवेतला आवाज, धापा, चिखलात पाय रुतल्याचा. मी आकडा बघत होतो. दर तीस सेकंदांनी नवा यायचा. एकतीस. एकतीस. तेहेतीस. दोन मिनिटं मी फक्त आकडा बघितला, मला दुसरं काही करताच येत नव्हतं.

"आम्ही रस्त्यावर आलोय," ताई म्हणाली. "तिघंही."

दीड वाजता ताईच्या घराची मागची भिंत गेली. तोवर काटकोन आणि अधिकाऱ्यांनी मिळून सगळ्यांना खाली आणलं होतं. त्या वेळी कुठल्याच घरात कुणी नव्हतं.

मॅडमना सगळं लिहून पाठवलंय. चार ओळीही, जशाच्या तशा. उत्तर आलेलं नाही.

पाचातले चार रिसीव्हर अजून चालू आहेत. शाळेत भाऊजी माझ्या शेजारीच बसतात, पण थट्टा करत नाहीत. मधूनच मोबाइल पुढे करतात. "काही काढलं नाहीस ना यातलं?"

"नाही."

"दाखव."

मग मी लॅपटॉप उघडतो. त्यांना कोड वाचता येत नाही. तरी ते पहिल्या ओळीवर बोट ठेवतात आणि एकेक ओळ करत शेवटपर्यंत येतात. तेवढा वेळ मी हलत नाही.