गल्लीतल्या खुर्च्या

"सातशे पावलं? दिवसभरात?" पोस्टमनकाका माझ्यावर डाफरले. "अहो, तेवढी तर मी चपला शोधताना चालायचो!"

त्यांना हॉस्पिटलमधून घरी सोडायचा दिवस होता. पक्षाघातानं लुळी पडलेली डावी बाजू महिनाभरात जरा सावरली होती. दहा मीटर चालायला त्यांना किती सेकंद लागतात ते मी मोजलं आणि फॉर्मवर अंदाज लिहिला: रोज सातशे पावलं, घरातल्या घरात. वीस वर्षं फिजिओथेरपी करतेय. माझा अंदाज सहसा चुकत नाही, आणि खोटं कशाला बोलू, त्याचा मला गर्व आहे.

"आणि ताईचा पेपर?" काकांनी काकूंकडे बघितलं. काकांची थोरली बहीण गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहायची. तिचे गुडघे गेलेले. रोज सकाळी तिला पेपर द्यायचा आणि अर्धा तास भांडून यायचं, हाच त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग.

"पेपर मी देईन की," काकू म्हणाल्या.

"तुला कुठे येतं तिच्याशी भांडता!" काका म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. मला वाईट वाटलं. पण फॉर्मवरचं खोडलं नाही.

सहा आठवड्यांनी सकाळीच त्यांच्या घरी तपासणीला गेले. गल्लीत शिरले आणि थबकलेच. दर तीन-चार दारांआड बाहेर खुर्ची मांडलेली. काकांच्या दाराला कुलूप. एवढ्या खुर्च्या बाहेर कधी काढतात, ते काय मला कळत नाही? त्यांच्या दारापाशीच्या खुर्चीत मी मटकन बसले आणि चक्क रडायला लागले.

"अगंबाई, काय झालं?" शेजारीण धावत आली.

"काका कधी...?"

"कधी म्हणजे? येतीलच आता ताईंकडून. बसत-उठत जातात ना! चाळीस वर्षं दारोदार पत्रं दिली त्यांनी. आम्ही एक खुर्ची नाही मांडायची?"

तेवढ्यात गल्लीच्या त्या टोकाकडून काका दिसले. आधी काठी, मग पाय. मागे काकू. प्रत्येक खुर्चीत टेकत, ज्याच्या त्याच्या दाराशी खोड्या काढत येत होते. वीस वर्षांत इतक्या आनंदानं मी कधी तोंडावर आपटले नव्हते. मी खुर्चीतच बसून डोळे पुसत राहिले.

काका घामाघूम होऊन समोर उभे राहिले. मी हात पुढे केला. त्यांनी तो बघितलासुद्धा नाही.

"मॅडम, रडणं नंतर," ते धापा टाकत म्हणाले. "आधी उठा. ती माझी खुर्ची आहे."