दुधाचं वाक्य

"अर्थ झाला, भरवसा ठेवणे. आता बोलून दाखव," कोशकार बाहेरच्या खोलीत म्हणाला, आणि आत कांदा चिरणाऱ्या बायकोचा हात थांबला. उत्तर तिच्या ओठांवर आलंच होतं. पण प्रश्न तिला नव्हता. समोर बसलेल्या नव्या सहायिकेला होता.

त्याची ही जुनी रीत. इंग्रजी शब्दाचा अर्थ लिहून झाला की तो स्वयंपाकघराच्या दारात यायचा, बायकोला अर्थ सांगायचा आणि ती कामाच्या नादात जे बोलेल ते वाक्य शब्दकोशात घालायचा. इंग्रजीचं तिला ओ की ठो कळत नव्हतं. शेजारीण तिला 'वाक्यबाई' म्हणून चिडवायची. इतर नवरा-बायको काय बोलतात देव जाणे. या दोघांचं बोलणं एवढंच होतं आणि तिला ते पुरत होतं. सहायिका आल्यापासून तो दारात आलाच नव्हता.

तिला मत्सर वाटत होता. पोरगी लेकीच्या वयाची, संशयाला जागा नाही, हे कळत होतं. तरी अंगाचा तिळपापड व्हायचा. आयत्या बिळावर नागोबा!

तिने तिघांचा चहा केला आणि बाहेर नेला.

"कसला शब्द आहे एवढा?"

"'ट्रो'. जुनं क्रियापद आहे, काकू," सहायिका म्हणाली. "'ट्रू' म्हणजे खरं ना, त्याच्याच कुळातलं. मुळात पक्केपणाचा अर्थ."

"पुढे झिजलं बिचारं," कोशकार म्हणाला. "भरवशाचं नुसतं 'मला वाटतं' झालं. मग तेही कुणी म्हणेना."

"आणि वाक्य?"

"हिने केलंय ना! 'तुझ्या भरवशावर दूध ठेवून जातेय, उतू गेलं तर बघ!'" तो खुशीत हसला.

वाक्य झकास होतं. हेच तर दुखणं होतं. वाईट असतं तर तिने हसून सोडून दिलं असतं.

"माझंही घ्या," ती एकदम म्हणाली. दोघांनी वर पाहिलं. एरवी न मागता सुचणारी वाक्यं कुठे गेली कोण जाणे. "माझा... माझा माझ्या पतीवर पूर्ण विश्वास आहे."

याहून खरं वाक्य तिने आजवर केलं नव्हतं.

"अगं, हे फार पुस्तकी झालं," कोशकार मायेने म्हणाला. "असं कोण बोलतं?"

"छान आहे की, काकू," सहायिका घाईने म्हणाली.

"नाही गं," बायको म्हणाली. "तुझंच राहू दे. दुधाचं चांगलं आहे."

तिचा चहा तसाच होता. तो उचलून ती आत गेली आणि ओट्याशी उभ्यानेच प्यायली.