तेल, ऊन आणि दादाचा हात

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. तेलबाबांनी माझ्या दादाची बाही वर सरकवली आणि त्याचा हात सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. मनगटापासून कोपरापर्यंत फोडच फोड.

"तेल खोटं बोलत नाही!" बाबा गरजले. "तीन दिवसांपूर्वी चौघांना एकाच वाटीतलं लावलं. आई स्वच्छ, बायको स्वच्छ, बहीण स्वच्छ! घरातलं पाप कुणाचं, ते कातडीनंच सांगितलं."

दादा गवंडी. त्याची सात वर्षांची मुलगी तीन आठवड्यांपूर्वी तापाने गेली होती. तो तेव्हा रडला नव्हता, आताही नाही. ती घरातल्या कुणाच्या पापाने गेली, ते तेलाने शोधायला आईनेच आम्हाला या बाबांकडे आणलं होतं.

"असेल," एवढंच म्हणाला.

घरी वहिनीने त्याचं अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं. आई त्याच्याशी बोलेना. तो मुकाट कामावर जाई, मुकाट येई. मी दवाखान्यात औषधं देते. आईच्या शब्दाखातर मीही तेल लावून घेतलं होतं. मुलीला शेवटचा डोस मीच पाजला होता आणि त्यानंतर माझ्याही आत काही हलत नव्हतं. पण फोड दिसले की मलम शोधायचं, ही हाताची सवय. मी दादाला आमच्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

"असं आणखी कुणाला झालं?" त्यांनी विचारलं.

"रस्ता झाडणारी, पत्रे ठोकणारा, हातगाडीवाला."

"आणि कुणाला नाही?"

"शिंपी, कारकून, दुकानदारीण."

"म्हणजे सगळं पाप उन्हातच काम करतं वाटतं!"

"पण बाई, दादा वीस वर्षं उन्हात आहे, कधी काही झालं नाही. आणि तेल मीही लावलं, मलाही काही नाही."

"दोन्ही खरं. पण दोन्ही एकत्र आल्यावर काय होतं, ते पाहिलं का कुणी?"

बाबांनी वाटीत उरलेलं तेल आईला दिलं होतं, ते तिने कपाटात जपून ठेवलं होतं. ते मी आणलं. बाईंनी माझ्या डाव्या हातावर पेनाने चार लहान चौकटी आखल्या. दोनांत तेल, दोन कोरड्या. तेलाची एक आणि कोरडी एक काळ्या कापडाने झाकली. मग भर दुपारी अर्धा तास मी गच्चीवर बसले.

तिसऱ्या दिवशी तीन चौकटी जशाच्या तशा होत्या. तेल आणि ऊन दोन्ही लागलेल्या चौथीत फोड आला होता.

"वासावरून बावचीचं तेल दिसतंय," बाई म्हणाल्या. "अंगावरच्या पांढऱ्या डागांना लावतात, आणि मग ऊन मोजूनमापून घ्यायला सांगतात. नुसतं तेल काही करत नाही, नुसतं ऊनही नाही. तेलाचं काय होणार, ते उन्हावर ठरतं. एकेकाला वेगळं तपासलंस, तर दोघंही निर्दोष सुटतात."

आम्ही दोघी सभागृहात गेलो. मी हात वर केला.

"तुझ्यातही पाप आहे!" बाबा ओरडले.

"मग ते एवढ्याशा चौकटीत कसं मावलं?"

आधी शिंपी हसला. मग रस्ता झाडणारी उठली. "हा तेल लावण्याआधी प्रत्येकाला विचारायचा, कामाला कुठे जाता म्हणून!"

"बाबा, तुम्हीही लावा आणि बसा अर्धा तास बाहेर," डॉक्टरबाई म्हणाल्या.

बाबांनी बाह्या मनगटापर्यंत ओढल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीला कुलूप होतं.

दादाला मी हात दाखवला, सगळं सांगितलं.

"मग ती कशाने गेली?"

"तापाने, दादा. दवाखान्यात न्यायला आपल्याला उशीर झाला. सगळ्यांनाच."

"बरं," तो म्हणाला.

वहिनी दारातून ऐकत होती. ती आत आली, माझ्या हातातलं मलम घेतलं आणि त्याच्या हाताला लावू लागली. त्याने हात काढून घेतला नाही.

माझं सांगणं साधं आहे. कुणी एका माणसाकडे बोट दाखवून पाप म्हणालं, तर त्याच्या अंगावर त्या दिवशी आणखी काय काय पडलं होतं, ते विचारा. एकेक वेगळं करून पाहा, मग एकत्र करून पाहा. आम्हाला त्यासाठी तीन दिवस लागले. ते आम्ही आधी दिले नाहीत.