एक्केचाळिसावा वाचक

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी मासळीची पेटी आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, एका लहानशा बेटावरच्या शाळेत मी राहते. जवळ आलात तर अजूनही मला हेरिंग माशांचा वास येतो. मला त्याची लाज वाटत नाही.

टॉरकिल नावाच्या कोळ्याच्या नावेवर मी एकवीस वर्षं मासळी वाहिली. मग प्लॅस्टिकच्या पेट्या आल्या आणि मी त्याच्या कोठारात फाटकी जाळी सांभाळत पडून राहिले. पुढे शाळेने वर्षभराच्या वाचन-आव्हानात भाग घेतला. शाळेत मुलं पाच. बेटावर माणसं, त्यांच्यासकट, एक्केचाळीस. शिक्षिका रोनाबाई म्हणाल्या, "आपण पाच जणांनीच कशाला? जूनपर्यंत अख्ख्या बेटाने एकेक पुस्तक वाचायचं."

पुस्तकं न्यायला टॉरकिलने मला शाळेला देऊन टाकलं. मुलांनी मला चाकं लावली.

ऑगस्टपासून आम्ही दारोदार फिरलो. वारा असा, की दोघांनी मला ओढायचं आणि तिघांनी झाकण धरायचं. पण एकही शनिवार त्या पोरांनी चुकवला नाही. मे उजाडला तेव्हा शाळेच्या फळ्यावर चाळीस नावांपुढे खूण झाली होती. राहिला फक्त टॉरकिल. मधमाश्यांचं एक पातळ पुस्तक त्याने महिनाभर ठेवून घेतलं होतं.

पाच मुलांतली नऊ वर्षांची ऊना मला घेऊन त्याच्या दारी गेली.

"वाचलंत का आजोबा?"

"वाचलं की. नाव वादळात सापडते तो भाग तर झकास."

ऊना हळूच म्हणाली, "यात नाव नाहीये आजोबा."

टॉरकिलने चहाचा कप खाली ठेवला. "बाराव्या वर्षी दर्यावर गेलो, पोरी. शिकलो होतो तेवढं तिथंच बुडालं. तू आपली खूण करून टाक."

"खोटी खूण नाही करणार. पण कुणाला सांगणारही नाही."

तिने मला उंबऱ्याशी ओढलं. माझ्या कुशीवर त्याच्या नावेचं नाव इंग्रजीत डागलेलं होतं: MORA, मोरा.

"हे काय लिहिलंय?"

"माझ्या नावेचं नाव. ते कोण विसरेल?"

"मग इंग्रजीतली चार अक्षरं तुम्हाला येतातच. उरली बावीस."

त्यानंतर रोज शाळा सुटली की ती त्याच्याकडे जाई. तो वैतागे, पुस्तक आपटे, पुन्हा उघडे. ती मुकाट बसून राही. मी नावेवर धीराची माणसं खूप पाहिली, पण तिच्यासारखी नाही.

जूनच्या समारंभात टॉरकिल स्वतःहून उठला. ओळीखाली बोट धरून, अडखळत, त्याने पहिलं पान मोठ्याने वाचलं. कुणी खोकलंसुद्धा नाही. रोनाबाईंनी त्याच्या नावापुढे खूण करायला खडू उचलला.

"थांबा," तो म्हणाला. "सोळाच पानं झालीत. चाळीसच लिहा."

मुलांचे चेहरे उतरले. बाईंनी ऊनाकडे पाहिलं. तिने होकाराने मान हलवली, आणि फळ्यावर चाळीस लिहिलं गेलं.

सप्टेंबरात तो शाळेत आला आणि त्याने पुस्तक माझ्यात ठेवलं. "संपलं. लिहिणाऱ्याला वाऱ्यातलं काही कळत नाही, पण शेवट बरा आहे." मग वाकून तो पुढचं पुस्तक शोधू लागला. पुस्तकांचं एकेक नाव तो ओठ हलवत लावत होता, आणि मुलं रांगेत शांत उभी होती.

मित्रांनो, माझ्या फळ्या आता खिळखिळ्या झाल्या आहेत. जमलं तर एखादा खिळा ठोका. पण कुणी अक्षराशी झगडताना दिसलं, तर हसू नका आणि घाईही करू नका. नुसते शेजारी बसा.