ब्रॅकेटचं खेचर आणि रिकामा दक्षिण कट्टा

आमचा संघ भिकार खेळतो हे मला कुणी सांगायला नको. दहा सामने झाले, जिंकलो एक, तोही समोरच्यांचा चेंडू फेकणारा पोट बिघडून बाकावर बसला म्हणून. पण भिकार असला तरी तो आमचा आहे. घरातल्या दारुड्याला आपण चार शिव्या घालतो, म्हणून शेजाऱ्याने त्याला घराबाहेर काढावं असं होत नाही.

ब्रॅकेट गावात पूर्वी तीन गोष्टी होत्या: नदीकाठची कागद गिरणी, कॉलेज आणि शनिवार. गिरणी बंद पडली. कॉलेज आहे, पण तिथली पोरं पदवी घेतली की कोलंबस शहरात पळतात. उरला शनिवार. शनिवारी दुपारी अख्खं गाव खेचरांचा सामना बघायला जमतं. आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचं नावच खेचरं; फुटबॉल म्हणजे आमचा अमेरिकी, चेंडू हातात घेऊन पळायचा. शाळेची बस चालवते मी, नोरीन हचिन्स. आठवडाभर ज्यांच्या घरासमोर नुसता हॉर्न वाजवते, त्यांच्याशी शनिवारीच काय ते बोलणं होतं. तो शनिवार गेला तर या गावात एकमेकांचं तोंड बघायला फक्त मयत उरेल.

आणि तो जायच्या बेतात होता. कॉलेजच्या विश्वस्तांनी जाहीर केलं होतं की शेवटच्या सामन्यानंतर सोमवारी बसून ठरवू, फुटबॉल ठेवायचा की गुंडाळायचा. ‘गावाला खेळ खरंच हवा आहे का, ते बघू,’ हे त्यांचे शब्द.

हे सगळं कुणामुळे, तर व्हिटलोमुळे. हा आमचा क्रीडा संचालक. कुठल्याशा सल्लागार कंपनीतून आला, बुटांना कधी चिखल लागला नाही. चार वर्षांत चार प्रशिक्षक आणले त्याने. पोरांना एकाने उजवीकडे पळायला शिकवलं, दुसऱ्याने डावीकडे, तिसऱ्याने सांगितलं पळूच नका, फेका. आता टीग नावाचा चौथा आलाय, तो बिचारा अजून पोरांची नावं पाठ करतोय. आणि व्हिटलोचं सगळ्यात मोठं पाप म्हणजे त्याने हेझलला मैदानबंदी केली.

हेझल खरंखुरं खेचर आहे, ड्यूई स्ट्राउडच्या गोठ्यातलं. ड्यूईच्या बापाच्या काळापासून रीत अशी की सामन्याच्या दिवशी दक्षिण दरवाजातून पहिलं खेचर आत जायचं आणि मग माणसं. खेचराच्या आधी आत पाऊल टाकलं तर संघ हरतो असं आम्ही मानतो. व्हिटलो म्हणाला, जनावर कुणाला लाथ मारेल, विमा कंपनी कटकट करते. त्याने खेचराच्या मुखवट्यात एक विद्यार्थी नाचायला ठेवला. तो मुखवटा गाढवासारखा दिसतो. गाढवसुद्धा आजारी.

तर आमचं इंटरनेटवर एक चर्चेचं पान आहे, ‘गोठा’ नावाचं. तिथं ड्यूईनेच लिहिलं: ‘शेवटच्या सामन्याला कुणीही आत जायचं नाही. सगळ्यांनी पार्किंगमध्ये बसायचं, रेडिओवर ऐकायचं. प्रेक्षकांचे रिकामे कट्टे बघून व्हिटलोची खुर्ची हलेल.’ बघता बघता सगळं गाव हो म्हणालं. मीही लिहिलं, आणि माझ्या पद्धतीने लिहिलं. त्यातले दोन शब्द पान चालवणाऱ्याला काढावे लागले.

शनिवारी पार्किंग गच्च भरलं. गाड्यांच्या मागच्या फळ्या पाडलेल्या, शेगड्या पेटलेल्या, सॉसेजचा धूर. ड्यूईची बहीण बर्नाडीन मोठ्या पातेल्यात राजमा आणि खिमा रटरटवत होती. ती केस कापायचं दुकान चालवते, त्यामुळे गावातली कुठलीही गोष्ट तिला गावाआधी कळते. ड्यूईने हेझललाही आणलं होतं, निषेध म्हणून. तिच्या पाठीवर आमची जुनी हिरवी झूल. हेझल ट्रकला बांधलेली, तोंडात गवत, चेहऱ्यावर नेहमीचा तिरस्कार. व्हिटलोने संघाचा हिरवा रंग बदलून राखाडी केलाय, हेही इथंच सांगून ठेवते.

“शाळेत सुतारकाम शिकवलं आयुष्यभर,” ड्यूई म्हणत होता, “एक कळलं. खिळा वाकडा गेला की ठोकत बसायचं नाही, उपटायचा. व्हिटलो वाकडा खिळा आहे.”

“तू शिकवलंस तसं केलेलं माझं स्टूल अजून डुगडुगतं,” बर्नाडीन म्हणाली.

तेवढ्यात ओपल जेफर्स आली. दवाखान्यात परिचारिका आहे ती, आणि तिचा जेरेल आमच्या संघात चेंडू पोटाशी धरून पळतो. शेवटचं वर्ष त्याचं. शेवटच्या घरच्या सामन्याआधी जाणाऱ्या पोरांची एकेक करून नावं पुकारतात, पोरगा बोगद्यातून पळत येतो, मैदानाच्या मधोमध आई उभी असते, तिला फूल देतो, आणि कट्टे उभे राहतात. ओपलने जेरेलच्या आकड्याचा सदरा घातला होता, कोटावरून.

“येताय ना?” तिने विचारलं.

मी बुटाकडे बघितलं.

“ओपल, हे तुझ्या पोराविरुद्ध नाही गं,” ड्यूई म्हणाला. “तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“असू दे की. तुमचं तत्त्व तुमच्यापाशी. जेरेलचं नाव पुकारतील तेव्हा मी टाळ्या वाजवीन. माझे हात दणकट आहेत, रोज माणसं उचलते मी.” आणि ती गेली.

दहा मिनिटांनी भिंतीपलीकडून भोंग्यावर नावं यायला लागली. एक नाव, मग काही नाही. दुसरं नाव, मग काही नाही. जेरेल जेफर्स, आणि मग फक्त त्याच नावाचा प्रतिध्वनी, नदीवरून परत आलेला. ओपलचे दणकट हात तेव्हा फुलात आणि पोरात अडकले असणार. हा पोरगा बालवाडीपासून माझ्या बसमध्ये बसला. पार्किंगमधली माणसं एकदम आपापल्या शेगडीत लक्ष घालू लागली. बर्नाडीनने पातेलं ढवळलं, जरुरीपेक्षा जास्त.

“हे बरोबर नाही झालं,” ती म्हणाली.

“लढाईत असं होतं,” ड्यूई म्हणाला आणि हेझलची झूल उगाच सरळ करत राहिला.

सामना सुरू झाला. रेडिओवर ऐकत होतो. टीगच्या पोरांनी चेंडू सोडला, मग परत सोडला. सतरा-शून्य मागे. आणि तेव्हा व्हिटलो स्वतः बाहेर आला.

मी म्हटलं, आला आता हातापाया पडायला. पण त्याच्या मागे दोन नोकर, त्यांच्या हातात कॉफीची मोठाली भांडी. व्हिटलो गाडीगाडीपाशी थांबत होता, हात मिळवत होता. आमच्यापाशी आला.

“मिस्टर स्ट्राउड, तुमच्या भावना पोचल्या,” तो म्हणाला. “लोकशाही आहे. आत वारा फार आहे, इथंच बसा आरामात. कॉफी घ्या. बाई, साखर किती?”

“मी साखर खात नाही,” मी म्हणाले.

“छान, छान,” म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे गेला. शीळ घालत होता.

“बघितलंस?” ड्यूईने छाती फुगवली. “टरकलाय.”

“टरकलेला माणूस साखर किती विचारत नाही, ड्यूई.”

मी कॉफी हेझलपुढे ओतली. तीही प्यायली नाही. मग मी तडक कुंपणाकडे गेले आणि जाळीतून आत बघितलं. पत्रकारांच्या खोलीच्या छपरावर एक माणूस कॅमेरा घेऊन उभा होता. खाली सामना चालला होता आणि त्याचं तोंड चेंडूकडे नव्हतं. तो दक्षिण कट्ट्याचे फोटो काढत होता. रिकाम्या बाकांचे. सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, लग्नातल्या पंगतीचे काढतात तसे. आणि काचेच्या खोलीत विश्वस्त बसले होते, त्यांचीही तोंडं त्याच बाजूला.

तुम्ही म्हणाल, बाई, एवढं आधी कळलं नाही? नाही कळलं. रागाला डोळे दोनच, आणि आमचे दोन्ही व्हिटलोवर रोखलेले. गावाला खेळ हवा आहे का, हे विश्वस्त बघणार होते, आणि आम्ही गावाला खेळ नको असल्याचा पुरावा सजवून ठेवला होता. व्हिटलोला फुटबॉल ही डोकेदुखी होती. ती काढून टाकायची आणि वर दोष गावाचा. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात, इथं तर कोलीत आम्हीच नेऊन दिलं, वर कॉफी त्याच्याकडून घेतली.

मी परत आले आणि सगळं सांगितलं. बर्नाडीनने चमचा खाली ठेवला.

“आत चला,” मी म्हणाले.

“आपण शब्द दिलाय,” ड्यूई म्हणाला. “सगळ्या गावाने दिलाय. माझ्या सांगण्यावरून.”

“शब्द दिला म्हणून विहिरीत उडी मारणार?”

“आत गेलो तर व्हिटलो म्हणेल, बघा, दोन तास पण टिकले नाहीत.”

“म्हणू दे. आणि सोमवारी फुटबॉल गेला तर काय म्हणशील तू? आम्ही हरलो, पण हट्ट जिंकला? कुणाला दाखवशील तो हट्ट? गावात माणूसच एकत्र येणार नाही बघायला.”

“नोरीन, तोंड सांभाळ.”

“साठ वर्षं नाही सांभाळलं, आता कुठून सुरू करू?”

मी ओरडून सगळ्या पार्किंगला सांगू शकले असते, माझा आवाज तेवढा आहे. पण आमचे लोक मला ओळखतात. नोरीन ओरडतेच, म्हणतील, आणि सॉसेज उलटतील. शिवाय हेझल समोर उभी असताना तिच्याआधी आत पाऊल टाकायला कुणी धजलं नसतं. गेली दोन वर्षं हेझलविना आत गेलो आणि काय झालं ते सगळ्यांना ठाऊक. आमच्या हरण्याचं खरं कारण तेच, असं निम्मं गाव मानतं. मीसुद्धा, शपथेवर विचारलं तर.

ड्यूई हेझलपाशी उभा राहिला. बराच वेळ तिची आयाळ विंचरत बसला बोटांनी. आतून भोंग्यावर जेरेलचं नाव आलं. पोरगा चांगला पळाला होता. त्यापाठोपाठ टाळ्या ऐकू आल्या, एकाच माणसाच्या.

“ओपल,” बर्नाडीन म्हणाली.

ड्यूईने दोर सोडला. हेझलला घेऊन चालायला लागला, दक्षिण दरवाजाकडे. मी मागे, बर्नाडीन माझ्या मागे, हातात अजून चमचा. गाड्यांमधल्या वाटेने हिरवी झूल जाताना लोकांनी बघितली आणि शेगड्यांवर झाकणं पडायला लागली. कुणी कुणाला हाक मारली नाही. खेचर चाललं की मागे जायचं, हे आमच्या पायांनाच माहीत आहे.

दरवाजावर कोल्बी उभा होता, पहारेकऱ्याच्या पिवळ्या कोटात. आता बाप झालाय, दाढी राखतो.

“नोरीनबाई, जनावर आत नाही सोडता येत. साहेबांचा हुकूम आहे.”

“कोल्बी, तिसरीत असताना तू माझ्या बसमध्ये ओकलास. तुझ्या आईला मी कधी बोलले?”

“बाई, माझी नोकरी जाईल.”

“हुकूम नेमका काय आहे?”

“तिकिटाशिवाय कुणालाही आणि कशालाही सोडायचं नाही.”

बर्नाडीनने पर्समध्ये हात घातला. “माझ्या नवऱ्याची जागा आहे. तो घरी झोपलाय. सबंध हंगामाचं तिकीट आहे, बसणाऱ्याचं नाव नाही त्यावर.”

कोल्बीने तिकिटाकडे बघितलं, हेझलकडे बघितलं, आमच्या मागे बघितलं. मागे सगळं पार्किंग उभं होतं, सॉसेज चावत, खिशातली तिकिटं काढत. मग त्याने तिकिटावर यंत्र धरलं. यंत्राने टुक केलं.

“आत या, मॅडम,” तो हेझलला म्हणाला.

मी तुम्हाला सांगितलं की मग आम्ही जिंकलो, तर ती थाप होईल. पण आम्ही कट्ट्यावर चढायला लागलो तेव्हा मैदानातली पोरं खेळ सोडून वर बघायला लागली. पंचाने शिट्टी वाजवून हाकललं त्यांना. टीग पाठमोरा उभा होता. तोही वळला, आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली. ओपल मधल्या रांगेत एकटी. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

“उशीर केलात,” ती म्हणाली.

“रस्त्यात मूर्खपणा लागला.”

तिने सरकून जागा दिली. बाकडं आधीच रिकामं होतं, तरी दिली.

सतरा-शून्यावरून पोरं सतरा-चौदावर आली. जेरेलने दोनदा समोरच्यांची शेवटची रेषा ओलांडली, दुसऱ्यांदा तिघांना अंगावर घेऊन. छपरावरच्या कॅमेरेवाल्याने तोंड मैदानाकडे वळवलं. व्हिटलो काचेत उभा होता, आता शीळ घालत नव्हता. शेवटची तीन मिनिटं उरली, चौथा आणि शेवटचा प्रयत्न, चेंडू आमच्याकडेच राहायला एक हात अंतर पुढे जायला पाहिजे होतं. एक हात. आणि टीगने काय केलं? लाथ मारून चेंडू समोरच्यांना देऊन टाकला. त्यांनी तो धरून वेळ काढला. संपलं. हरलो.

पण कुणी उठलं नाही. शेवटच्या वर्षाची पोरं जाळीपाशी आली, आणि जी नावं भिंतीबाहेरून ऐकली होती ती आम्ही आमच्या तोंडाने पुन्हा पुकारली, एकेक करून.

सोमवारी विश्वस्तांनी ठरवलं की फुटबॉल आणखी एक वर्ष राहील, पुढच्या नोव्हेंबरला परत बघू. व्हिटलो आहे तिथंच आहे. असली माणसं एका सामन्याने जात नाहीत, त्यांना आणखी ठोकावं लागतं. पण टीगही राहिला. चार वर्षांत पहिल्यांदा आमच्या पोरांना दुसऱ्या वर्षी तोच प्रशिक्षक मिळतोय, कदाचित आता उजवं-डावं पक्कं होईल. आणि विश्वस्तांच्या निवेदनात त्या दिवशीची हजेरी छापली आहे. त्या आकड्यात एक खेचर आहे.

निकाल कळल्यावर मी ‘गोठा’ उघडला. वाटलं होतं, लोक आनंदाने लिहीत असतील. सगळ्यात वर ड्यूईचं होतं: ‘एक हात अंतर. एक हात. या टीगला सुतारकामाच्या वर्गात घेतला नसता मी.’

खाली दीडशे लोक भांडत होते. मी बाही वर सारली आणि लिहायला बसले.